जुन्या फोटोतली ड्रॅग रेसची गाडी कशी ओळखावी
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे स्कॅनिंगला येणाऱ्या स्लाइडच्या डब्यांत अधूनमधून एक वेगळाच ऐवज निघतो. साठच्या दशकात शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेल्या कुणा काकांनी, आजोबांनी रविवारच्या सुट्टीत काढलेले ड्रॅग रेसचे फोटो. आधी नायगारा, मग वसतिगृहाची खोली, मग पहिला बर्फ, आणि त्यानंतर एकदम नाक वर केलेली, बॉनेट फोडून इंजिन बाहेर आलेली लालभडक गाडी! घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ही कुठली गाडी आणि केव्हाची? बऱ्याचदा याचं उत्तर त्या फोटोतच असतं. कुठे पाहायचं ते कळावं आणि फोटो आमच्याकडे पोहोचेपर्यंत त्यातला पुरावा शाबूत राहावा, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

खेळ कसला ते थोडक्यात. सरळ रस्त्यावर दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, खूण होताच सोडायच्या, आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, आधी पार करेल ती जिंकली. कॅलिफोर्नियात सांता आनाच्या विमानतळावर १९५० साली अशा शर्यती रीतसर सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला भरली, पण पावसाने ती अर्ध्यावर थांबली आणि अंतिम फेऱ्या नोव्हेंबरात फीनिक्सला घ्याव्या लागल्या. १९६१ पासून ही स्पर्धा इंडियानापोलिसजवळ होते.

गाडीचं वर्ष वेगळं, फोटोचं वर्ष वेगळं

या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. रेसची गाडी कधीच एका वर्षाची नसते. सांगाडा एका सालचा, इंजिन दुसऱ्या सालचं, चाकं तिसऱ्या सालची, आणि रंग गेल्या हिवाळ्यातला. मोसम संपला की गाडी उघडायची, बदलायची, नाहीतर विकून टाकायची आणि नव्या मालकाने तिच्यावर आपलं नाव रंगवायचं, असा तिथला रिवाज होता.

सुरुवातीच्या दिवसांत आम्हीही इथेच चुकलो. एका कुटुंबाच्या स्लाइडमध्ये शेवरोले होती. मागचे टोकदार पंख आणि समोरची रुंद जाळी पाहून आम्ही "१९५७" असं लिहून दिलं. गाडी १९५७ चीच होती, त्यात चूक नव्हती. पण कुटुंबाला हवं होतं फोटोचं साल, कारण आजोबा तेव्हा कुठे राहत होते हे त्यांना जुळवायचं होतं. वर्षभराने तीच स्लाइड पुन्हा लाइट बॉक्सवर ठेवून भिंगातून पाहिली, तेव्हा तारेच्या कुंपणापलीकडे उभ्या गाड्यांच्या रांगेत एका फोर्ड मस्टँगचं नाक दिसलं. मस्टँग विक्रीला आली १७ एप्रिल १९६४ ला. म्हणजे आमचं उत्तर निदान सात वर्षांनी चुकलं होतं. आम्ही त्या कुटुंबाला फोन केला आणि दुरुस्त केलेला कागद पाठवला. तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरला आहे: आधी कडा, मग पार्श्वभूमी, मग चाकं आणि इंजिन, आणि गाडीचा सांगाडा सर्वांत शेवटी.

कडा आणि चौकट

कोडॅकच्या त्या काळातल्या पुष्कळ कागदी प्रतींच्या पांढऱ्या किनारीवर महिना आणि साल छापलेलं असतं. कोडाक्रोम स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवरही पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून तारखेचा शिक्का आढळतो. तो फिल्म धुतल्याचा महिना असतो, फोटो काढल्याचा नव्हे. विद्यार्थी फिल्म जपून वापरायचे. एका रोलवर उन्हाळ्यातली शर्यत आणि नाताळचं झाड दोन्ही सापडतात. म्हणून शिक्का म्हणजे "याच्या नंतरचा नाही" एवढंच समजायचं. तरीही तो सोन्यासारखा आहे. म्हणूनच कळकळीची विनंती: डाग पडलेत म्हणून जुन्या चौकटी काढून नव्या प्लॅस्टिकच्या चौकटी बसवू नका, आणि अल्बममध्ये बसावेत म्हणून फोटोंच्या कडा कापू नका.

गाडीच्या मागे काय आहे

प्रेक्षकांच्या गाड्या खोटं बोलत नाहीत. रेसची गाडी तीस वर्षं जुनी असू शकते, पण वाहनतळावरची सर्वांत नवी गाडी फोटोचं साल खाली ढळू देत नाही. फक्त अमेरिकेत पुढच्या सालचं मॉडेल आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच दुकानात येई, हे धरून चला. समोर दोनऐवजी चार दिवे असलेल्या गाड्यांची गर्दी दिसली तर फोटो बहुतेक १९५८ च्या अलीकडचा. कॅलिफोर्नियाची नंबर प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असतील तर ती १९५६ पासूनची. काळ्यावर पिवळी अक्षरं आली १९६३ मध्ये. रेसच्या गाडीला बहुधा प्लेट नसते, पण तिला ओढून आणणाऱ्या गाडीला असते, तेव्हा फोटोचा तो कोपरा जरूर पाहा.

सुटण्याच्या रेषेवर दोन गाड्यांच्या मधे रंगीत दिव्यांचा उभा खांब असेल, ज्याला तिकडे ख्रिसमस ट्री म्हणतात, तर फोटो १९६३ किंवा त्यानंतरचा. त्याआधी झेंडा घेतलेला माणूस गाड्या सोडायचा. उलट मात्र धरता येत नाही. झेंडेवाला दिसला म्हणून फोटो १९६३ च्या आधीचा ठरत नाही, कारण लहान धावपट्ट्यांवर दिवे उशिरा पोहोचले.

काचेवरची अक्षरं

खिडकीच्या काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशने खरडलेली अक्षरं हा आमचा सर्वांत आवडता पुरावा. ती गाडीच्या गटाची खूण असते. "ए/जी" म्हणजे गॅस गटातला ए वर्ग. इथला गॅस म्हणजे आपला सिलिंडर नव्हे, अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात. गाडीच्या वजनाला इंजिनाच्या आकारमानाने भागून ए, बी, सी असा वर्ग ठरायचा. पुढे "एस" जोडलेला असेल, जसं "ए/जीएस", तर इंजिनावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, आहे. "एफएक्स" म्हणजे कारखान्याने प्रयोगादाखल बनवलेली गाडी. "एए/एफडी" म्हणजे नायट्रोमिथेनसारख्या जहाल इंधनावर पळणारी लांब ड्रॅगस्टर, आणि "एए/एफसी" म्हणजे फनी कार, जिच्याबद्दल पुढे येईल. स्कॅन करताना कॉन्ट्रास्ट वाढवला की मोबाइलवर न दिसलेली ही अक्षरं पुष्कळदा उमटतात.

आकार

नाक वर, पुढची चाकं बारीक, मागची जाड, आणि एरवी रस्त्यावरच्या गाडीसारखी दिसणारी ती गॅसर. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन काढून सरळ लोखंडी आस बसवलेला असतो, म्हणून ती टाचांवर बसल्यासारखी वाटते. नाक उचललं की सुटताना वजन मागच्या चाकांवर जातं आणि पकड मिळते. १९३३ आणि १९४०-४१ च्या विलीज या गटात फार लाडक्या, कारण त्या लहान आणि हलक्या. जीपमुळे आपल्याला माहीत असलेली कंपनी तीच. स्टोन, वुड्स आणि कुक यांची १९४१ ची निळी विलीज आणि जॉन मॅझमॅनियन यांची लाल विलीज यांची चुरस साठच्या दशकात गाजली. कृष्णधवल फोटोत लाल आणि निळा दोन्ही करडेच दिसतात, तेव्हा रंगावरून या दोघांत निवाडा करू नका. दारावरचं नाव वाचा. ब्रिटिश फोर्ड अँग्लियाही या गटात पुष्कळ होत्या.

सांगाडा अगदी चिमुकला आणि इंजिन बरंच मागे सरकवलेलं असेल तर ती ऑल्टर्ड. त्यात फियाट टोपोलिनोचा सांगाडा वरचेवर दिसतो. आपल्याकडे टॅक्सी म्हणून पळालेल्या फियाटच्याच घराण्यातली ही आधीची, लहानखुरी गाडी.

सर्वांत लांब, नुसत्या नळ्यांची, ती ड्रॅगस्टर. हिच्यात चालक कुठे बसला आहे ते पाहा. मागच्या आसाच्याही मागे, म्हणजे इंजिन त्याच्या पायांपुढे, असेल तर तिला स्लिंगशॉट म्हणत. गलोलीतल्या दगडासारखा माणूस टोकाला. मिकी थॉम्पसन यांनी पन्नासच्या दशकाच्या मध्यावर ही रचना पुढे आणली. तिची लांबी वाढत गेली. सुरुवातीला दोन आसांत १०० इंचांच्या आसपास अंतर असे, १९७० पर्यंत ते २०० च्या पुढे गेलं. ८ मार्च १९७० ला लाँग बीचजवळच्या लायन्स धावपट्टीवर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. बरे होताना त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी आखली, आणि १९७१ मध्ये पोमोनाची शर्यत तिच्यावर जिंकली. त्यानंतर थोड्याच वर्षांत स्लिंगशॉट वरच्या गटांतून गेली. तसे प्रयत्न आधीही झाले होते, म्हणून इंजिन मागे आहे एवढ्यावरून "१९७१ नंतरची" असा शिक्का मारत नाही, पण कौल तिकडे झुकतो. गार्लिट्स यांच्या गाड्या स्वॉम्प रॅट नावाच्या. नाव एक आणि गाड्या अनेक, १९७१ ची ती चौदावी. तेव्हा बाजूवरचं नाव वाचून काम संपलं असं समजू नका.

फनी कार हे नाव का पडलं ते १९६५ च्या फोटोत दिसतं. प्लिमथ आणि डॉजच्या काही गाड्यांची मागची चाकं १५ इंच आणि पुढची १० इंच पुढे सरकवली होती. गाडी विचित्रच दिसायची. १९६६ मध्ये डॉन निकल्सन यांच्या मर्क्युरी कॉमेटसारख्या गाड्या आल्या. त्यांचा फायबरग्लासचा अखंड सांगाडा मागच्या बिजागरीवर पेटीच्या झाकणासारखा उघडायचा. फोटोत सांगाडा उचललेला असेल तर फोटो १९६६ किंवा त्यानंतरचा.

एक गाडी भिंगाखाली चटकन सापडते: १९६४ ची फोर्ड थंडरबोल्ट. फेअरलेनच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून तिथे हवा घेण्यासाठी जाळ्या बसवल्या होत्या, आणि बॉनेटवर फुगवटा. अशा सुमारे १०० गाड्याच बनल्या.

चाकं आणि इंजिन

पाच आऱ्यांची टॉर्क थ्रस्ट चाकं १९६३ च्या सुमाराची, क्रोमची चकचकीत क्रेगर एसएस १९६४ ची. जुन्या गाडीखाली ही चाकं दिसली की फोटो तितका अलीकडे सरकतो.

इंजिन उघडं असेल तर झाकणं पाहा. रुंद झाकणाच्या मधोमध स्पार्क प्लगच्या वायरी शिरत असतील तर ते क्रायस्लरचं हेमी. त्यातही मॅग्नेटो किंवा डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज पोहोचवणारा भाग) मागे असेल तर जुनं ३९२ घन इंचांचं, पुढे असेल तर १९६४ पासूनचं ४२६. वर बसवलेला खाचांचा ठोकळा म्हणजे सुपरचार्जर. तो मुळात जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनांचा, म्हणून नाव ६-७१: सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच. एका गाडीत एकाहून जास्त इंजिनं मोजलीत तर दचकू नका. एनएचआरएने १९५७ ते १९६३ जहाल इंधनावर बंदी घातली होती, तेव्हा ताकद वाढवायला लोकांनी इंजिनं वाढवली. टॉमी आयव्हो यांच्या १९६१ च्या गाडीला ब्यूइकची चार इंजिनं होती.

उलटी स्लाइड, नवी नक्कल

स्लाइड उलटी स्कॅन झाली की ए/जीएस वाचता येत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे जातं. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असायला हवं. ब्रिटिश गाड्यांबाबत मात्र एवढ्यावर विसंबू नका, अक्षरं असतील तर तीच पाहा.

जुन्या गाड्यांच्या हुबेहूब नकला आजही पळतात आणि त्यांचे फोटो मुद्दाम पिवळट केलेले असतात. चालकाकडे पाहा. पन्नासच्या दशकात उघड्या तोंडाचं हेल्मेट आणि चामडी जाकीट असे, साठच्या दशकात इंधन जाळणाऱ्या गाड्यांत चंदेरी अग्निरोधक पोशाख आणि श्वासाचा मुखवटा आला. पूर्ण तोंड झाकणारं आजचं हेल्मेट आणि गाडीत नळ्यांचा दाट पिंजरा दिसला तर फोटो नवा.

आमच्याकडे आणताना

डबा जसा आहे तसा आणा. स्लाइड क्रमाने लावू नका, मूळ क्रमातूनही बरंच कळतं. बुरशी आली असेल, आणि कोकणातून येणाऱ्या डब्यांत ती येतेच, तर ओल्या फडक्याने पुसू नका. कोडाक्रोमवर स्कॅनरची आपोआप धूळ काढण्याची सोय नीट चालत नाही, बारीक तपशील खाऊन टाकते. म्हणून आम्ही ती बंद ठेवून धूळ हाताने काढतो. त्याला वेळ लागतो. चौकटीच्या दोन्ही बाजूंचा वेगळा फोटो आम्ही देतो. घरात त्या काळातली पत्रं, विमानाची तिकिटं, विद्यापीठाचं ओळखपत्र असेल तर त्यावरची गावं आणि तारखा लिहून आणा. धावपट्टी कुठली हे त्यावरून कधी कधी पाच मिनिटांत सुटतं. लायन्सची धावपट्टी १९५५ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर १९७२ मध्ये बंद झाली, तेव्हा ती ओळखली तरी सालाला दोन्हीकडून कुंपण पडतं.

प्रत्येक गाडीसाठी आम्ही एक पानी टिपण देतो. त्यात गाडीचं साल आणि फोटोचं साल वेगवेगळ्या ओळीत असतं, आणि प्रत्येकापुढे "नक्की", "बहुधा" किंवा "सांगता येत नाही" यांपैकी एक शेरा आणि तो कशावरून दिला तेही. तिसरा शेरा दिलेल्या ओळीचे पैसे घेत नाही.