बोटीच्या बुडाचा तांबूस थर

नागपूरजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावर एक फायबरची मोटरबोट पालथी घातली होती. किनारपट्टीवरून जुनी विकत आणलेली. मिस्त्री पत्रीने तिचं बूड खरवडत होते. वरचा निळा थर गेला, त्याखाली तांबूस थर निघाला, तोही गेला तेव्हा मळकट पांढरा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत रेझिनचा थर, दिसू लागला. त्यावर मुगाएवढे फोड होते. मिस्त्रींनी एक फोड टोकाने फोडला. आतून चिकट पाणी आलं. "वास घेऊन पाहा जी, आंबट येते," ते म्हणाले. खरंच सिरक्यासारखा वास होता.

तो तांबूस थर समुद्राच्या दुखण्यावरचं औषध आहे, आणि फोड हे गोड्या पाण्यात जास्त बळावणारं दुखणं. आपल्याकडे या दोन्हींची सर्रास गल्लत होते. मुंबईकडे जो रंग मारतात तोच इथे मारला की काम झालं, असं समजलं जातं.

समुद्रात लाकडी जहाजाला दोन शत्रू. लाकूड आतून पोखरणारा टेरेडो हा किडा, आणि बाहेरून चिकटून वेग खाणारे शेवाळ व बार्नेकल, म्हणजे कठीण कवचाचे बारीक जीव. जुन्या नावाड्यांनी यावर राळ, डांबर, चुना आणि तेल असं सगळं लावून पाहिलं. इंग्रजी आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले. बूड स्वच्छ राहिलं, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले. तरी १७८० च्या सुमारास त्यांनी आरमारातल्या जहाजांना तांबं चढवायचा धडाका लावला.

मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रसंग त्यानंतरचा वाटतो. तांब्याचे पत्रे समुद्रात झिजत, खर्च वाढे. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने उपाय काढला: तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायचे, म्हणजे ते झिजतात आणि तांबं वाचतं. तांबं खरोखरच वाचलं. पण जहाजं परत आली ती बुडावर बार्नेकलची रास घेऊन! तांबं झिजत होतं म्हणूनच जीव चिकटत नव्हते. थोडंथोडं विरघळून पाण्यात जाणारं तांबं हेच विष होतं, आणि झीज थांबताच विषही थांबलं. बुडाला लावायचे तांब्याचे सगळे रंग याच तत्त्वावर चालतात. ते झिजले तरच काम करतात.

पुढे जहाजं लोखंडाची झाली. लोखंडाला तांब्याचा पत्रा ठोकला तर लोखंडच गंजून जातं. म्हणून तांबं रंगात कालवायची युक्ती निघाली. १८६० मध्ये लिव्हरपूलला मॅकिनेस याने मोरचूद घातलेला, गरम करून लावायचा लेप केला. नंतर तांब्याचा लाल ऑक्साइड घातलेले रंग रूढ झाले. कित्येक बोटींचं बूड लालसर असतं ते यामुळे. लोखंडाला गंजापासून वाचवणारं अस्तर मात्र शेंदराचं असे. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, जवसाच्या तेलात घोटलेला. जवस आपल्या विदर्भाचं जुनं पीक, आणि शेंदूर तर गावोगावच्या मारुतीच्या अंगावर. तेव्हा जुनी लोखंडी बोट कोरडी घासू नका, ती धूळ शिशाची असते.

विसाव्या शतकात साठ-सत्तरच्या दशकांत टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग आलं. ते तांब्याहून कितीतरी जहाल. जहाजमालक खूश झाले, पण फ्रान्सच्या आर्काशाँ खाडीत कालवांची पिल्लं जगेनात, मोठ्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर त्याला मनाई केली. त्यावरच्या बंदीचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. जुन्या बोटीच्या खालच्या थरांत ते अजूनही असू शकतं.

आता ते फोड. फायबरच्या बोटी दुसऱ्या महायुद्धानंतर पसरल्या. ना गंज, ना किडा, त्यामुळे हिला मरण नाही असंच वाटलं. मग फोड दिसू लागले. पाणी अगदी सावकाश जेलकोटमधून आत झिरपतं, फायबरला धरून ठेवणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये राहिलेली रसायनं त्यात विरघळतात, आणि तो दाट रस बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतो. भिजत घातलेली मनुका फुगते तसंच. बाहेरचं पाणी खारट असेल तर ही ओढ कमी, गोडं असेल तर जास्त, आणि कोमट असेल तर सगळंच वेगाने. गोडं आणि कोमट, म्हणजे नेमकं आपल्या तलावांचं पाणी! बार्नेकल इथे नाही, टेरेडो नाही. बुडाला धरतं ते शेवाळ, आणि ते ब्रशने निघतं. मग मासेमारीच्या, पिण्याच्या, शेतीच्या पाण्यात तांबं सोडायचं कशाला? इथल्या बोटीला हवं ते पाणी अडवणाऱ्या इपॉक्सी रेझिनचे नीट चढवलेले हात.

त्यासाठी बूड आतून सुकलं पाहिजे, आणि इथे मात्र नागपूरची हवा आपल्या बाजूने आहे. फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा या कामाला उत्तम. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की रंग पसरण्याआधीच वरून धरतो. पावसाळ्यात इपॉक्सीवर चिकट साय येते आणि पुढचा हात सुटतो.

मिस्त्रींनी त्या बोटीखाली ताडपत्री अंथरली होती. पाणी मारून घासत होते, तोंडाला मास्क होता, आणि निघालेला लाल गाळ गोणीत भरून तलावापासून दूर ठेवला होता. फोड सगळे उघडले, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले. परवा गेलो तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. बुडावर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून उन्हात ठेवलं होतं. दुपारी त्याच्या आतल्या बाजूला अजून दव धरलेलं दिसलं. इपॉक्सीचा डबा त्यांनी उघडलेला नाही.