पेनड्राइव्ह लावून रॅम वाढत नाही

जळगाव-भुसावळकडे जुना लॅपटॉप रेंगाळला की एक सल्ला हमखास मिळतो: 'भाऊ, ४ जीबीचा पेनड्राइव्ह लाव, रेडीबूस्ट चालू कर, रॅम दुप्पट!' रॅम एका बाइटनेही वाढत नाही.

विंडोज व्हिस्टासोबत २००७ मध्ये लोकांपर्यंत पोचलेली रेडीबूस्ट ही सोय म्हणजे हार्ड डिस्कवरच्या डेटाची पेनड्राइव्हच्या फ्लॅश मेमरीवर ठेवलेली प्रत, म्हणजेच कॅशे. फिरत्या डिस्कला विखुरलेले छोटे तुकडे गोळा करताना दर वेळी वाचणारं हेड हलवावं लागतं, त्यात मिलिसेकंद जातात. फ्लॅशमध्ये हलणारं काही नाही. म्हणून छोटे तुकडे तिथून वाचले जातात. मोठी सलग फाइल डिस्कवरूनच येते. १ जीबी रॅमच्या काळात फरक जाणवायचा, आता तो शोधावा लागतो.

पेनड्राइव्ह मध्येच निघाला तर डेटा जातो, हीही अफवाच. मूळ डेटा डिस्कवर असतो आणि प्रत एन्क्रिप्टेड असते, म्हणजे दुसऱ्याला वाचता येत नाही.

रेडीबूस्ट चालूच होत नसेल तर पेनड्राइव्हला शिव्या देण्याआधी लॅपटॉपमध्ये एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी फ्लॅशवर चालणारी डिस्क) आहे का बघा. असेल तर विंडोज ७ पासून विंडोजच ही सोय नाकारतं, आणि बरोबर करतं. एसएसडी नसेल तर विंडोजची सिसमेन (SysMain) सर्व्हिस बंद आहे का पाहा; रेडीबूस्ट तिच्यावरच चालतं. 'स्पीड वाढवा' छाप व्हिडिओ पाहून ती बऱ्याच जणांनी बंद केलेली असते. स्वस्त, मंद पेनड्राइव्ह विंडोजच्या वेगाच्या चाचणीतच नापास होतो.

आणि मे महिन्यातच लॅपटॉप रखडत असेल तर आधी पंख्यातली धूळ काढा. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तिथे कॅशे काय करणार?