ब्लू फ्लूटेड पोर्सेलीन (संग्रह)

डेन्मार्कमधील रॉयल कोपनहेगन कारखान्याची निळ्या हातरंगाईची, पन्हळदार अंगाची जेवणाची भांडी. रसायनज्ञ फ्रान्ट्स हाइनरिक म्यूलर यांनी राणी युलियाना मारिया हिच्या आश्रयाने 1775 मध्ये हा कारखाना काढला. कारखान्याच्या नक्षींत ‘ब्लू फ्लूटेड’चा क्रमांक पहिला.

नक्षीच्या उगमाबद्दल एकमत नाही. शेवंतीसारखी फुले चिनी भांड्यांवरून थेट उचलली, असे एक मत आहे. चीनमधील कँटन बंदराचा माल डॅनिश जहाजांतून कोपनहेगनला येतच होता. दुसऱ्या मतानुसार ती जर्मनीतील माइसेन कारखान्याच्या सुमारे 1740 च्या नक्षीवरून घेतली. फुलाफांद्यांची मांडणी दोहोंकडे इतकी सारखी आहे, की हेच मत अधिक ग्राह्य वाटते. चिनी वळण माइसेनमार्गे आले असावे. जर्मनीतल्याच थुरिंगिया प्रांतातील कारखान्यांनीही हीच नक्षी वापरली. त्यामुळे बिनखुणेची ताटली केवळ फुलांवरून कोपनहेगनची ठरवणे धाडसाचे होते.

संग्राहक ताटली आधी पालथी करतो. झिलईखाली हाताने काढलेल्या तीन निळ्या लाटा (म्हणजे डेन्मार्कच्या एरेसुंड, मोठा बेल्ट व लहान बेल्ट या सामुद्रधुन्या), जवळ रंगाऱ्याची खूण आणि तिरक्या रेघेने जोडलेले दोन आकडे दिसतात. त्यांतला पहिला नक्षीचा, दुसरा आकाराचा. लाटांवर ओरखडा असेल तर तो माल दुय्यम प्रतीचा; विक्रेते याबाबत बहुधा मौन पाळतात. 1935 पासून कारखान्याच्या नावाच्या शिक्क्यातील एखाद्या अक्षराच्या वर वा खाली बारीक आडवी रेघ असते, तीवरून साल निघते. त्याआधीच्या वस्तूंचा काळ शिक्क्याची घडण, लाटांचे वळण आणि मातीचा रंग यांवरून अदमासेच सांगता येतो. सुरुवातीची भांडी करडसर असतात, पण तेवढ्यावरून अठरावे शतक गाठू नये.

रंग झिलईखाली असल्याने तो सहसा उडत नाही. कोबाल्टचा निळा कडक भाजणीत टिकतो. टवका मात्र पन्हळीच्या काठाला लवकर उडतो, आणि केशचीर उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाही.

1882 मध्ये अल्युमिनिया या कंपनीने कारखाना घेतला. पुढे कलासंचालक आर्नॉल्ड क्रोग यांनी ही नक्षी नव्याने पुढे आणली; ‘हाफ लेस’ हा काठाला लेससारखी नक्षी असलेला प्रकार 1888 चा. एकविसाव्या शतकात बहुतेक उत्पादन थायलंडला गेले, तेव्हापासून जुन्या डॅनिश मालाला संग्राहक वेगळे मानतात.