लेझर टॅग: बंदूक सोपी, खोली अवघड

नाशिकमध्ये कोणी लेझर टॅगचा, म्हणजे अंधाऱ्या भुलभुलैयात एकमेकांवर किरणांच्या बंदुकीने नेम धरायच्या खेळाचा, गेम झोन काढायचं मनावर घेतलं की बोलणं बहुधा बंदुकांपासून सुरू होतं. किती नग घ्यायचे, जॅकेटचा सेन्सर गेला तर बदलून मिळतो का, बॅटरी किती टिकते. जागेचं मग बघू. गंगापूर रोडला एखादं बेसमेंट नाहीतर अंबडला रिकामी शेड मिळेल, आत काळा रंग मारला की झालं. या खेळाचा इतिहास पाहिला तर हा क्रम नेमका उलटा आहे. बंदुकीचा प्रश्न फार आधीच सुटला होता. पैसा बुडाला तो खोलीपायी, आणि तशाच अंधाऱ्या खोल्यांमध्ये माणसंही गेली.

प्रकाशाने नेम धरायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या सीबर्ग कंपनीने १९३६ साली ‘रे-ओ-लाइट’ नावाचं यंत्र काढलं. पळत्या बदकावर प्रकाशाचा झोत मारायचा, बदकातल्या प्रकाशसंवेदी नळीवर तो पडला की नेम लागला. १९७३ मध्ये निन्तेन्दोने जपानमधली ओस पडलेली बोलिंगची सभागृहं घेऊन तिथे पडद्यावर ‘लेझर क्ले शूटिंग’ सुरू केलं. लोक तुटून पडले. पण त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, मागण्या धडाधड रद्द झाल्या आणि कंपनीच्या डोक्यावर कर्ज बसलं. मोठं सभागृह एकाच करमणुकीला वाहून टाकण्यातला धोका तेव्हाच दिसला होता.

हे सगळं तत्त्वतः आपल्या कालिका देवीच्या यात्रेतल्या फुगे फोडण्याच्या स्टॉलसारखंच. फुगा उलटून गोळी मारत नाही. समोरच्यानेही आपल्यावर नेम धरायचा, ही गोष्ट सैन्याकडून आली. १९७०च्या दशकात अमेरिकी लष्कराने युद्धसरावासाठी ‘माइल्स’ ही यंत्रणा तयार करून घेतली. रायफलीवर लेझरची डबी, शिरस्त्राणावर आणि अंगावरच्या पट्ट्यांवर सेन्सर. खोटं काडतूस उडालं की डबीतून सांकेतिक किरण सुटतो. तो ज्याला लागला त्याच्या अंगावर भोंगा वाजायला लागतो, आणि तो बंद करायचा तर स्वतःच्या रायफलीवरची किल्ली काढून पट्ट्यावरच्या कुलपात घालावी लागते. किल्ली निघाली की त्याची रायफल मुकी. ‘मला लागलीच नाही’ म्हणायची सोयच ठेवली नाही! देवळाली कॅम्पच्या शेजारी वाढलेल्यांना सरावातलं हे भांडण वेगळं समजावून सांगायला नको.

या कल्पनेचा धंदा केला जॉर्ज कार्टर या अमेरिकी माणसाने. १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ पाहून त्याच्या डोक्यात खेळ शिजला आणि मार्च १९८४ मध्ये डॅलसला ‘फोटॉन’ उघडलं. हेल्मेट, छातीवरचा सेन्सर, कमरेला बॅटरीचा पट्टा. आत भुलभुलैया, धुकं, कानठळ्या बसवणारं संगीत, आणि वरून बघणाऱ्यांसाठी सज्जा. तंत्र टीव्हीच्या रिमोटच्याच घराण्यातलं: अवरक्त किरण, त्यावर बसवलेला सांकेतिक आकडा, समोर तो वाचणारा सेन्सर. आजही बहुतेक ठिकाणी नेम मोजतो तो हा अदृश्य किरणच. धुक्यात दिसणारी लाल-हिरवी रेघ ही शोभा.

पण १९८६ मध्ये ‘वर्ल्ड्स ऑफ वंडर’ने असंच खेळणं घरासाठी बाजारात आणलं. अंगणात फुकट खेळता येतं म्हटल्यावर तिकीट कोण काढणार? खेळण्यांची ती कंपनीही १९८७ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि दशक संपता संपता फोटॉनची बहुतेक केंद्रंही बंद पडली.

टिकले ते ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि इंग्लंडमधले केंद्रवाले. मँचेस्टरला १९८९ मध्ये सुरू झालेलं ‘लेझर क्वेस्ट’ हे त्यातलं गाजलेलं नाव. अंगणात जे मिळत नाही ते विकायचं, हे या पिढीने ओळखलं: अंधार, उंच-सखल वाटा, अतिनील दिव्यांखाली चमकणारे रंग. आणि दुसरं, रांगेचा हिशेब. नियम सांगायची खोली वेगळी, जॅकेट चढवायची वेगळी, रिंगण वेगळं. समजा जॅकेटं वीस आणि खेळ पंधरा मिनिटांचा. सूचना आणि जॅकेटं रिंगणातच उरकली आणि त्यात दहा मिनिटं गेली, तर तासाला अठ्ठेचाळीस जण खेळतात. जॅकेटांचा दुसरा संच घेऊन दुसरी तुकडी बाहेर तयार ठेवली तर ऐंशी. रिंगण तेच, भाडं तेच.

थीम पार्कला मात्र ऐंशीने काय होणार? तिथली मोठी राइड तासाला हजारावर माणसं हाताळते. मोकळी पळणारी, धडपडणारी, वाट चुकणारी माणसं या हिशेबात बसत नाहीत. म्हणून पार्कवाल्यांनी खेळाडूला उचलून गाडीत बसवलं. फ्लोरिडात डिस्नेने १९९८ मध्ये बझ लाइटइअरची राइड उघडली. न थांबणारी गाड्यांची माळ, हातात बंदूक, दांडी हलवून गाडी फिरवायची मुभा. २००० मध्ये युनिव्हर्सलने ‘मेन इन ब्लॅक’ आणली. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकात अलिबाबाची राइड याच जातीची. मुलं खूश होतात, तक्रार नाही. पण खेळ म्हणून ही पुन्हा यात्रेतल्या फुग्यांकडे परतलेली वाट आहे, कारण पुतळा उलटून मारत नाही. लेझर टॅगची खरी गंमत गेम झोनच्या छोट्या रिंगणातच उरली, आणि त्याची आखणी करणाऱ्याची परीक्षाही तिथेच.

भिंतींचंच बघा. अवरक्त किरण पांढऱ्या भिंतीवरून, गुळगुळीत फरशीवरून उसळतो. कोपऱ्याआडचा माणूस ‘मेला’ की जॅकेटचा दोष काढतात. काळा रंग मारूनही भागत नाही, कारण डोळ्याला काळं दिसणारं कापड अवरक्त किरण खुशाल परतवू शकतं. लग्नाच्या लॉन्सवर दिवसा खेळ मांडावा तर उन्हातलाच अवरक्त प्रकाश सेन्सरला आंधळं करतो आणि नेमाचा पल्ला आखडतो. म्हणून मोकळ्या जागेत हा खेळ सूर्य कलल्यावर बरा.

आता अंधाराबद्दल. डॅलसमध्ये फोटॉन उघडलं त्याला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा, ११ मे १९८४ ला, न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज या थीम पार्कच्या ‘हॉन्टेड कॅसल’ला आग लागली. ट्रेलर एकमेकांना जोडून केलेला भुताचा वाडा, आत फोमचं अस्तर, ना आगीवर पाणी फवारणारे स्प्रिंकलर ना अलार्म. अंधारात वाट दिसावी म्हणून एका मुलाने लायटर पेटवला आणि फोमने पेट घेतला, असं चौकशीत पुढे आलं. आठ किशोरवयीन मुलं गेली. मुद्दाम वाट चुकवणाऱ्या इमारतींसाठी अमेरिकेत त्यानंतर वेगळे, कडक नियम झाले: स्प्रिंकलर हवेच, आणि अलार्म वाजताच संगीत बंद होऊन दिवे लागले पाहिजेत. लेझर टॅगचा भुलभुलैया याच वर्गात मोडतो.

आपल्याला ही गोष्ट चाळीस वर्षांनी कळली. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागली, सत्तावीस माणसं गेली, आणि मग ठिकठिकाणी तपासण्या सुरू झाल्या. आगप्रतिबंधाचा २००६ चा कायदा महाराष्ट्रात २००८ पासून लागू आहे. आग प्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो.

कागद होतो. अडतं ते धुक्यापाशी. धूर ओळखणारा डिटेक्टर धुक्याच्या मशीनने वाजतो, शनिवारच्या गर्दीत दोनदा वाजला की कोणीतरी स्टूल घेऊन त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतं, आणि ती सोडायची राहते. धुकं ठेवायचं असेल तर रिंगणात उष्णतेवर चालणारे डिटेक्टर, अलार्मला जोडलेलं दिव्यांचं आणि साउंडचं सर्किट, आणि दोन टोकांना बाहेर उघडणारी दोन दारं, हे नकाशातच यायला हवं. बेसमेंटला जिना एकच असेल तर ती जागा सोडून द्यावी. बंदुकांचं कोटेशन त्यानंतर मागवलं तरी चालतं.