सप्टेंबरमध्ये झरमॅट बंद असतं?

‘उन्हाळा संपला की आल्प्समधली गावं बंद होतात आणि बर्फ तर डिसेंबरशिवाय दिसतच नाही,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटपुरता तरी तो चुकीचा आहे.

गाव खरंच बऱ्यापैकी बंद असतं ते ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत. त्या काळात काही रोपवे देखभालीसाठी थांबतात, बरीच हॉटेलंही सुट्टीवर जातात. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी तेव्हाच पडते. सप्टेंबरमध्ये मात्र मुख्य रोपवे चालू असतात आणि 3,089 मीटरवरच्या गोरनरग्राटला जाणारी दातेरी रुळांची गाडी तर वर्षभर धावते. बर्फ हवा असेल तर रोपवेने क्लाइन मॅटरहॉर्न या शिखरावर जा. 3,883 मीटरवरच्या त्या स्थानकाभोवती हिमनदी आहे, तिथे उन्हाळ्यातही स्कीइंग चालतं.

फसगत होते ती कपड्यांत. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गावात (1,600 मीटर) 16 अंश असतील तर गोरनरग्राटला 6 आणि क्लाइन मॅटरहॉर्नला जेमतेम 1, वर वारा वेगळाच. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर आणि वाराबंद जॅकेट बरं. थेट वर गेल्यास डोकं दुखू शकतं. क्लाइन मॅटरहॉर्नच्या वाटेवरच्या ट्रॉकनर श्टेग स्थानकावर अर्धा तास थांबा, पाणी प्या.

रिफेलझे तळ्यात मॅटरहॉर्न शिखराचं प्रतिबिंब हवं? सकाळी लवकर गोरनरग्राटच्या गाडीने रोटेनबोडेन स्थानकावर उतरून थोडं खाली चाला. वारा सुटला की पाणी हलतं आणि प्रतिबिंब मोडतं. तिकीट काढण्याआधी वरचा वेबकॅम बघा. ढगात पैसे घालवण्यात अर्थ नाही.

सोनेरी लार्च वृक्ष बघायचे असतील तर सप्टेंबर लवकरच होतो, ते ऑक्टोबरात रंगतात.