युद्धकालीन पुरुषवेश

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) आणि त्यानंतरच्या सुमारे दहा वर्षांत कापडाची टंचाई, सरकारी नियंत्रणे आणि लष्करी गणवेश यांच्या प्रभावाखाली सर्वसामान्य पुरुषांच्या नित्याच्या पोशाखात जे बदल घडले, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. विवेचनाचा भर ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांवर असून जर्मनी, फ्रान्स, जपान व भारत यांचा परामर्श प्रसंगोपात्त घेतला आहे. कोट, विजार, जाकीट, सदरा, टाय व टोपी हा शहरी पुरुषाचा पाश्चात्त्य पोशाख युद्धापूर्वीच स्थिरावलेला होता. त्याची घडण युद्धाने मोडली नाही. तिच्यातील कापड, बटणे व खिसे मात्र सरकारी आदेशांनी मोजून ठरवले गेले.

ब्रिटनमध्ये कपड्यांचे शिधावाटप १ जून १९४१ रोजी सुरू झाले. साठेबाजी होऊ नये म्हणून योजना अखेरपर्यंत गुप्त ठेवण्यात आली होती आणि व्यापार मंडळ (बोर्ड ऑफ ट्रेड) या सरकारी खात्याचे तत्कालीन अध्यक्ष ऑलिव्हर लिटलटन यांनी ती रविवारी, दुकाने बंद असताना, नभोवाणीवरून जाहीर केली. स्वतंत्र कुपने छापून झालेली नसल्याने प्रारंभी अन्नाच्या शिधापुस्तिकेतील मार्जरीनची शिल्लक कुपने वापरावी लागली. प्रत्येक प्रौढ व्यक्तीला वर्षाला ६६ कुपने मिळत. कोटाला १३, जाकिटाला ५ व लोकरी विजारीला ८ असा हिशोब असल्याने पूर्ण सूट घेणाऱ्याची २६ कुपने खर्ची पडत, तर बुटांच्या एका जोडाला ७ कुपने लागत. म्हणजे नवा सूट घेणाऱ्याला उरलेल्या ४० कुपनांत सदरे, मोजे, अंतर्वस्त्रे व बूट बसवावे लागत. पुढे हा वाटा घटत गेला आणि युद्ध संपल्यानंतरच्या काही महिन्यांत तर तो सर्वांत कमी होता. शिधावाटप मार्च १९४९ मध्ये संपले. कुपन हे पैशाऐवजी नव्हे, तर किमतीखेरीज द्यावयाचे होते. त्यामुळे महाग व टिकाऊ कापड घेणे ज्याला परवडे त्याचा कपडा अधिक दिवस चाले आणि समान कुपनांतूनही विषमता उरे.

शिधावाटपाबरोबर आणखी दोन योजना चालत होत्या व त्यांची गल्लत वारंवार केली जाते. पहिली ‘युटिलिटी’ योजना. तीत कापडाचा दर्जा व विक्रीची किंमत सरकार ठरवून देई, अशा कपड्यांना खरेदी कर माफ असे आणि त्यांवर रेजिनल्ड शिप यांनी रेखाटलेले ‘सीसी ४१’ हे चिन्ह असे. दुसरी होती काटकसरीची, म्हणजे कपडा कसा शिवावा यावरील निर्बंधांची. १९४२ पासून निघालेले हे आदेश युटिलिटी चिन्ह नसलेल्या कपड्यांनाही लागू होते. युटिलिटी कपडा निकृष्ट असे, हा समज बहुधा या दुसऱ्या आदेशांच्या अप्रियतेतून पसरला असावा. दर्जाच्या नियंत्रणामुळे अल्प उत्पन्नाच्या अनेक कुटुंबांना पूर्वीपेक्षा चांगले कापड मिळाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ही योजना १९५२ पर्यंत चालू राहिली.

काटकसरीच्या आदेशांचा पुरुषवेशावर झालेला परिणाम तपशिलाने पाहण्यासारखा आहे. दुहेरी छातीचा, म्हणजे डबलब्रेस्ट, कोट शिवण्यास मनाई झाली. कोटाचे खिसे व पुढची बटणे प्रत्येकी तीनपर्यंत मर्यादित झाली आणि बाहीवरची केवळ शोभेची बटणे गेली. सदऱ्याची लांबी कमी झाली, दुमडीचे दुहेरी कफ बंद झाले, विजारीच्या पायांची रुंदी ठरवून दिली गेली. झिप व कमरेचे इलॅस्टिक यांवर बंधने आली, कारण धातू व रबर दोन्ही युद्धसाहित्यासाठी हवे होते. मोज्यांची लांबीही नियमातून सुटली नाही.

या सर्वांत विजारीच्या तळाची दुमड काढून टाकण्याच्या नियमाला सर्वाधिक विरोध झाला. एका विजारीमागे वाचणारे कापड थोडेच होते. परंतु लक्षावधी विजारींच्या हिशोबात ते मोठे ठरते, असा सरकारचा युक्तिवाद होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये व्यापार मंडळाच्या अध्यक्षपदी आलेल्या ह्यू डॉल्टन यांनी तो जोरदारपणे मांडला. व्यवहारात अनेक गिऱ्हाईक मुद्दाम लांब विजार विकत घेत आणि घरी किंवा ओळखीच्या शिंप्याकडून तळ दुमडून घेत, त्यामुळे अपेक्षित बचत काही प्रमाणात निष्फळ ठरली. न विकले गेलेले काटकसरीचे सूट दुकानांत साचू लागल्यावर व सैन्यातून मुक्त होणाऱ्यांना मिळणाऱ्या कपड्यांशी तुलना होऊ लागल्यावर, १९४४ च्या आरंभी पुरुषांच्या कपड्यांवरील हे निर्बंध उठवण्यात आले. कुपने मात्र कायम राहिली. ज्या दुमडीला उपयोगाचे कोणतेच कारण नव्हते, तिच्यासाठी लोक एवढे आग्रही राहिले यावरून पुरुषांना कपड्यांच्या रूपाची फिकीर नसते हा जुना समज टिकत नाही.

अमेरिकेत सर्वसाधारण कपड्यांचे कुपनी शिधावाटप झाले नाही; पादत्राणांचे मात्र १९४३ पासून झाले. तेथे युद्ध उत्पादन मंडळाने मार्च १९४२ मध्ये लोकरी कापडाच्या वापरावर बंधने घातली. विजारीची दुमड, कमरेच्या चुण्या, वरून शिवलेले खिसे, डबलब्रेस्ट कोटाखालचे जाकीट आणि एका कोटाबरोबर दोन विजारी देण्याची प्रथा यांना त्यामुळे फाटा मिळाला. सैन्याचे गणवेश व पांघरुणे यांची मोठी गरज आणि परदेशातून येणाऱ्या लोकरीची सागरी वाहतूक धोक्यात आल्याची चिंता ही त्यामागची कारणे होती.

या बंधनांच्या नेमका उलट असलेला पोशाख म्हणजे ‘झूट सूट’. गुडघ्यापर्यंत येणारा, भरगच्च खांद्यांचा कोट. छातीजवळ चढणारी, गुडघ्याशी फुगीर व घोट्याशी आवळ विजार. रुंद काठाची टोपी आणि लोंबती लांब साखळी असे त्याचे रूप होते. त्याचा उगम वादग्रस्त आहे. शिकागोतील कापड व्यापारी व वादक हॅरल्ड फॉक्स यांनी तो आपण निर्माण केल्याचे सांगितले. मेम्फिस येथील लुई लेट्स व डिट्रॉइट येथील नेथन एल्कस या शिंप्यांनाही त्याचे श्रेय देण्यात येते. जून १९४३ मध्ये एका न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राने असा वृत्तान्त दिला की, जॉर्जिया राज्यातील गेन्सव्हिल येथील क्लाइड डंकन या उपाहारगृहातील तरुण नोकराने १९४० मध्ये असा पहिला सूट मागवून घेतला व त्यामागे यादवी युद्धावरील एका गाजलेल्या चित्रपटाच्या नायकाचा पेहराव होता. ही कथा पुष्कळदा उद्धृत होते. परंतु न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील नृत्यगृहांत तसा पोशाख १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातच प्रचारात असल्याचे उल्लेख सापडत असल्याने, ती उगमाऐवजी प्रसाराची कथा मानणे इष्ट. काही अभ्यासक याची वंशावळ लंडनचे शिंपी फ्रेडरिक शोल्टे यांच्या ‘ड्रेप’ या बेतण्याच्या पद्धतीशी जोडतात. छाती व खांद्यापाशी कापड सैल सोडण्याची ही पद्धत त्यांनी शाही रक्षकदलाच्या अधिकाऱ्यांच्या मोठ्या कोटांवरून घेतली, असे सांगितले जाते. एकच जनक शोधण्यापेक्षा प्रचलित ड्रेप सूट कृष्णवर्णीय तरुणांनी नृत्याच्या गरजेनुसार व स्वतःच्या आवडीने वाढवत नेला, हे स्पष्टीकरण अधिक समाधानकारक आहे.

१९४२ च्या आदेशानंतर असा सूट शिवणे बेकायदेशीर ठरले, तरी चोरून शिवणारे शिंपी होतेच. कृष्णवर्णीय, मेक्सिकन व फिलिपिनो वंशाच्या तरुणांमध्ये तो लोकप्रिय राहिला आणि वृत्तपत्रांनी तो देशाविषयीच्या अनास्थेची व गुन्हेगारीची खूण ठरवला. जून १९४३ च्या पहिल्या पंधरवड्यात लॉस एंजेलिस येथे नौसैनिक व इतर जवानांच्या जमावांनी असे सूट घातलेल्या तरुणांना मारहाण करून त्यांचे कपडे फाडले. अटक मात्र मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या तरुणांनाच झाली. कापडाची उधळपट्टी हे कारण पुढे केले गेले, तरी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी नेमलेल्या समितीने वंशद्वेषाला महत्त्वाचे कारण मानले आणि उपलब्ध घटनाक्रमही त्याच बाजूने साक्ष देतो.

जर्मनीत नोव्हेंबर १९३९ पासूनच वस्त्रपत्रिका लागू होती. तीतील वर्षाच्या १०० गुणांपैकी एका सुटासाठी ६० गुण लागत. व्याप्त फ्रान्समध्ये ‘झाझू’ म्हणून ओळखले जाणारे तरुण लांब कोट, जाड तळव्यांचे बूट व वाढवलेले केस मिरवत. जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्समधील व्हिशी राजवटीच्या समर्थक युवक गटांनी त्यांना पकडून त्यांचे केस कापले. जपानने १९४० मध्ये पुरुषांसाठी ‘कोकुमिनफुकु’ हा खाकी छटेचा राष्ट्रीय नागरी वेश ठरवून दिला. गरजेनुसार तो लष्करी गणवेश म्हणूनही वापरता यावा, अशी त्यामागची कल्पना होती.

युरोपातील युद्धसमाप्तीनंतर ब्रिटनमध्ये १८ जून १९४५ पासून सैनिकांची मुक्तता सुरू झाली व प्रत्येकाला सूट, सदरा व दोन कॉलर, टाय, बूट, रेनकोट आणि फेल्ट हॅट किंवा टोपी दिली जाऊ लागली. माँटेग्यू बर्टन यांची पेढी या सुटांच्या प्रमुख पुरवठादारांपैकी होती. मापे मोजकी असल्याने कोट अंगाला नीट न बसल्याच्या तक्रारी पुष्कळ होत आणि काही जण केंद्राच्या दारातच पूर्ण संच दलालांना विकत. तरीही, कामगार वर्गातील कित्येकांच्या दृष्टीने हा त्यांचा पहिला चांगला सूट होता. या एकसारखेपणाविरुद्धची प्रतिक्रिया दोन थरांतून आली. लंडनच्या उच्चभ्रू शिंप्यांनी एडवर्डियन काळातील (विसाव्या शतकाच्या आरंभीच्या, राजा सातवा एडवर्ड याच्या कारकिर्दीतील) लांब, अरुंद कोट पुन्हा पुढे आणला. १९५०–५३ च्या सुमारास तो दक्षिण व पूर्व लंडनच्या कामगार वस्त्यांतील तरुणांनी उचलला. त्यांना ‘टेडी बॉय’ (‘टेडी’ हे एडवर्डचे लघुरूप) हे नाव वृत्तपत्रांतून १९५३ मध्ये रूढ झाले.

अधिक टिकाऊ परिणाम लष्करी वापरातील व शिल्लक कपड्यांचा झाला. ब्रिटिश नौदलाचा डफल कोट, म्हणजे टोपडे असलेला जाड लोकरी कोट, हेरल्ड व फ्रीडा मॉरिस या दाम्पत्याने प्रथम शिल्लक मालातून विकला व १९५१ मध्ये ‘ग्लव्हरॉल’ कंपनी स्थापून तो नागरी वापरासाठी बनवला. ब्रिटिश सैन्याच्या ‘बॅटलड्रेस’ या गणवेशावरून बेतलेले, कमरेशी संपणारे व जनरल आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखले जाणारे जाकीट १९४४ मध्ये अमेरिकी सैन्यात आले आणि त्याच धर्तीची जाकिटे नंतर सर्वत्र पसरली. टी-शर्ट अमेरिकी नौदलात १९१३ पासून आतला कपडा म्हणून होता. युद्धाने तो बाहेरचा कपडा म्हणून ओळखीचा केला. अमेरिकेतील १९४४ च्या कायद्याने शिक्षणाची सवलत मिळालेल्या माजी सैनिकांनी खाकी सुती विजारी महाविद्यालयांत नेल्या. क्लार्क्स कंपनीचा ‘डेझर्ट बूट’ नेथन क्लार्क यांनी १९४१ मध्ये ब्रह्मदेशात पाहिलेल्या, कैरोच्या बाजारात बनवल्याचे सांगितल्या जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या बुटांवरून बेतला. त्याचे मूळ दक्षिण आफ्रिकेतील ‘फेल्डस्कून’ पादत्राणात असावे, असेही एक मत आहे.

पुरुषवेशातील औपचारिकता घटण्याचे श्रेय युद्धाला द्यावे की नाही, याबद्दल एकमत नाही. मऊ कॉलर, सैल कोट आणि टोपीविना वावरण्याची सवय १९२०–३० च्या दशकांतच सुरू झाली होती व लंडनमध्ये १९२९ साली पुरुषवेश सुधारणेसाठी एक पक्षही स्थापन झाला होता. सरकारी निर्बंध उठताच विजारीची दुमड व डबलब्रेस्ट कोट परतले, हे लक्षात घेता आदेशांचा प्रभाव तात्पुरता दिसतो. ढिले, धुण्यास सोपे व इस्त्रीची फारशी अपेक्षा न ठेवणारे कपडे अनेक वर्षे अंगावर वागवलेल्या पिढीची सवय मात्र टिकून राहिली. १९४१ मध्ये व्हिनफील्ड व डिक्सन यांनी शोधलेल्या टेरिलीन या कृत्रिम धाग्याला युद्धोत्तर काळात जी बाजारपेठ मिळाली, ती या सवयीवर आधारलेली होती.

भारतात मुंबई, अहमदाबाद व अन्य केंद्रांतील गिरण्यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर लष्करी मागणीकडे वळले आणि नागरी कापड दुर्मिळ व महाग झाले. १९४३ मध्ये सुती कापड व सूत नियंत्रण आदेश निघाला; मुंबईत वस्त्रोद्योग आयुक्तांचे कार्यालय सुरू झाले आणि कापडावर किंमत छापण्याचे बंधन गिरण्यांवर आले. गरिबांसाठी स्वस्त ‘स्टँडर्ड’ कापडाची योजनाही राबवण्यात आली. ही नियंत्रणे १९४८ च्या आरंभी उठवण्यात आली, परंतु भाव भडकल्याने त्याच वर्षी ती पुन्हा लावावी लागली. सुमारे २५ लाखांपर्यंत वाढलेल्या भारतीय सैन्याच्या उष्ण प्रदेशातील पोशाखात खाकी सुती बुशशर्ट होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ च्या सुमारास त्याचा रंग जंगली हिरवा करण्यात आला. विजारीबाहेर सोडण्याचा, चार खिशांचा व टाय न मागणारा हा कपडा उष्ण हवेला मानवणारा असल्याने युद्धानंतर कचेऱ्यांत व शाळांतील शिक्षकवर्गात स्वीकारला गेला आणि महाराष्ट्रातील नोकरदारांच्या कपाटात बुशकोट या नावाने धोतर-कोटाशेजारी स्थिरावला.