ताशी १७० किलोमीटरचा थ्रो येतो कुठून?

२० एप्रिल २०१६. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बेसबॉलच्या सामन्यात ओकलंड संघाचा डॅनी व्हॅलेन्शिया तिसऱ्या बेसवर उभा होता. फटका हवेत उंच गेला आणि यांकीज संघाच्या ॲरन हिक्सने लेफ्ट फिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात डावीकडे, झेल घेतला. बेसबॉलमध्ये झेल पूर्ण होताच बेसवरचा खेळाडू पुढच्या बेसकडे पळू शकतो, तसा व्हॅलेन्शिया होम प्लेटकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसकडे, सुटला. अंतर अवघं २७.४ मीटर. तरीही हिक्सचा थ्रो त्याच्या आधी होम प्लेटपाशी उभ्या कॅचरच्या हातात पोचला आणि तो बाद झाला. तेव्हा मैदानातल्या रडार आणि कॅमेऱ्यांवर चालणाऱ्या स्टॅटकास्ट यंत्रणेने त्या थ्रोचा वेग मोजला: ताशी १६९.८ किलोमीटर. आउटफिल्डमधून, म्हणजे मैदानाच्या या मागच्या भागातून, इतका वेगवान थ्रो या यंत्रणेने तोवर मोजला नव्हता.

हा आकडा किती मोठा आहे ते क्रिकेट पाहणाऱ्यांना चटकन कळेल. शोएब अख्तरने २००३च्या विश्वचषकात टाकलेला १६१.३ किलोमीटरचा चेंडू आजही क्रिकेटमधला सर्वांत वेगवान मानला जातो. अर्थात गोलंदाजाला वाकवलेलं कोपर झटक्यात सरळ करत चेंडू टाकता येत नाही, थ्रो करणाऱ्याला त्याची पूर्ण मुभा असते. या एका मुभेने किती फरक पडतो ते पुढे येईलच.

आधी पायांबद्दल. बेसबॉलच्या पिचरला, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्याला, मातीच्या उंचवट्यावरच्या रबरी पट्टीला पाय टेकवूनच चेंडू टाकावा लागतो. आउटफिल्डरवर असं बंधन नाही. कसलेला आउटफिल्डर झेल घेतानाच चेंडूच्या दोन पावलं मागे थांबतो आणि पुढे येत चेंडू पकडतो. मग एक छोटी उडी घेऊन तो अंग आडवं वळवतो आणि मागच्या पायावर उतरतो. या उडीला तिकडे ‘क्रो हॉप’ म्हणतात. पळण्याचा वेग त्यामुळे वाया जात नाही. पुढचा पाय जमिनीत रोवला जातो, पुढे जाणारं शरीर तिथे अडतं आणि तो वेग कमरेतून धडाकडे आणि धडातून खांद्याकडे चढत जातो. आधी कंबर वळते, छाती क्षणभर मागे राहते. मग छाती वळते आणि हात मागे राहतो. हे मागे राहणं फार महत्त्वाचं आहे, कारण स्नायू, कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे तंतू) आणि अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारे तंतू) ताणले जातात ते त्या क्षणात.

खांद्यात जे घडतं ते मला या सगळ्यातलं सर्वांत विलक्षण वाटतं. छाती पुढे वळलेली, कोपर काटकोनात वाकलेलं आणि हातात सुमारे १४५ ग्रॅमचा चेंडू. मनगट आणि चेंडू आपल्या जडत्वामुळे मागेच राहतात आणि दंडाचं हाड आपल्याच अक्षाभोवती मागच्या बाजूला पिळलं जातं. अव्वल खेळाडूंचा पुढचा हात या क्षणी जवळजवळ जमिनीला समांतर होतो, तळहात आभाळाकडे. मग हा पीळ सुटतो आणि दंड उलट दिशेला सेकंदाला सुमारे ७००० अंश या वेगाने फिरतो. मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींमध्ये तिची गणना होते. पीळ सुटल्यापासून चेंडू बोटांतून निसटेपर्यंत सेकंदाच्या शंभर भागांपैकी जेमतेम तीन-चार भाग जातात. स्नायू आकुंचन पावून एवढ्या कमी वेळात इतकी शक्ती देऊच शकत नाहीत. ती बरीचशी आधीच ताणलेल्या ऊतींमध्ये साठलेली असते. गोलंदाजाच्या सरळ हाताला या साठ्याचा असा उपयोग करून घेता येत नाही.

नील रोच, डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन खेळाडूंना, त्यातही मुख्यतः बेसबॉलपटूंना, त्यांनी प्रयोगशाळेत चेंडू फेकायला लावला. कधी मोकळ्या अंगाने, तर कधी खांदा नि कंबर जखडणारे पट्टे बांधून. दंडाच्या त्या फिरण्यामागचं निम्म्याहून अधिक कार्य साठलेल्या ताणातून येतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्यापेक्षा कितीतरी ताकदवान असलेला चिंपांझी ताशी तीसेक किलोमीटरपलीकडे चेंडू फेकू शकत नाही. शाळकरी पिचरही त्याच्या तिपटीने वेगवान फेकतो. खाली उतरलेले खांदे, वळू शकणारी लांब कंबर आणि दंडाच्या हाडाच्या घडणीतच असलेला कमी पीळ ही आपली ठेवण सुमारे २० लाख वर्षांपूर्वी होमो इरेक्टसमध्ये एकत्र आली, आणि ती शिकारीच्या कामी आली असावी, असं हे संशोधक मांडतात.

या साठ्याची किंमत कोपर मोजतं. कोपराच्या आतल्या बाजूला हाडांना जोडून ठेवणारा एक छोटा अस्थिबंध असतो. मृतदेहांवरच्या प्रयोगांत तो एकटा सुमारे ३२ न्यूटन-मीटर आघूर्णाला (वळवणाऱ्या जोराला) तुटला. पिचर वेगवान चेंडू टाकतो तेव्हा कोपरावर याच्या जवळजवळ दुप्पट आघूर्ण येतं. आजूबाजूचे स्नायू भार वाटून घेतात म्हणूनच तो टिकतो, आणि ते थकले की धोका वाढतो. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनच्या कोपरात दुसरीकडची कंडरा बसवून हा अस्थिबंध नव्याने उभा केला. ती शस्त्रक्रिया त्याच पिचरच्या नावाने ओळखली जाते. हिक्सलाही ती २०१९ साली करून घ्यावी लागली.

चेंडू हातातून सुटला की हवा आडवी येते. ताशी १५० किलोमीटरच्या आसपास बेसबॉलवरचा हवेचा विरोध त्याच्या वजनाइतका होतो, म्हणजे हिक्सचा थ्रो सुटला तेव्हा हवा त्याला गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त जोराने मागे ढकलत होती. हिशेब करून पाहिला तर ९० मीटर अंतरासाठी ताशी १६२ किलोमीटरने सुटलेल्या चेंडूला निर्वात जागेत दोन सेकंद लागतील. हवेतून लागतात अंदाजे २.७, आणि पोचेपर्यंत त्याचा वेग शंभराच्याही खाली आलेला असतो. तोच थ्रो १४५ने सुटला तर साधारण ३ सेकंद. फरक ०.३ सेकंदाचा, पण सेकंदाला आठ मीटर पळणारा खेळाडू तेवढ्यात अडीच मीटर पुढे गेलेला असतो. तिसऱ्या बेसवरून सुटलेल्याला होम प्लेट गाठायला साडेतीन ते चार सेकंद लागतात, हे लक्षात घेतलं की जोरदार हात एवढा मोलाचा का ते समजतं.

फार लांबून मात्र चांगला हातही हवेपुढे कमी पडतो. विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे लांब थ्रोचा शेवटचा टप्पा रेंगाळतो. म्हणून संघ मध्ये एक खेळाडू उभा करतो. तो चेंडू घेऊन वळतो आणि पुन्हा फेकतो. १४५च्या हाताचा हिशेब मांडला तर पकडून वळण्यातला पाऊण सेकंद धरूनही ११० मीटरच्या आसपास दोन तुकड्यांचा थ्रो थेट थ्रोची बरोबरी करतो. त्याच्या अलीकडे थेट फेकणंच बरं. बोटं शिवणीला आडवी ठेवली की चेंडूला नीट उलटी फिरकी मिळते, तो हवेत थोडा तरंगतो आणि बाजूला वळत नाही.

निव्वळ अंतराचा गिनेस विक्रम कॅनडाच्या ग्लेन गॉर्बसच्या नावावर आहे. १ ऑगस्ट १९५७ रोजी ओमाहा इथे त्याने धावत येऊन चेंडू १३५.८९ मीटर फेकला. पण बेसबॉलच्या सर्वोच्च मेजर लीगमध्ये त्याची कारकीर्द छोटीच राहिली. याच्या उलट उदाहरण रॉबर्टो क्लेमेंटेचं. पोर्तो रिकोचा हा खेळाडू शाळेत भाला फेकायचा आणि पुढे पिट्सबर्ग पायरट्सकडून राइट फिल्डमध्ये खेळला. (याच पायरट्सने २००८ साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पिचर म्हणून करारबद्ध केलं, अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमधले ते पहिले भारतीय.) राइट फिल्डमध्ये सहसा सर्वांत दमदार हात ठेवतात, कारण तिसरा बेस तिथून सर्वांत लांब पडतो आणि पहिल्यावरचा खेळाडू तिसऱ्याकडे धावतो तेव्हा त्याला तिथूनच रोखायचं असतं. क्लेमेंटेने कारकिर्दीत आउटफिल्डमधून २६६ जणांना बाद करण्यात हातभार लावला आणि पाच हंगामांत तो लीगमध्ये अव्वल राहिला.

११ एप्रिल २००१ रोजी सिॲटलच्या इचिरो सुझुकीने ओकलंडमध्ये राइट फिल्डमधून तिसऱ्या बेसवर असाच एक सरळसोट थ्रो केला आणि टेरेन्स लाँग बाद झाला. इचिरोचा तो मेजर लीगमधला दुसराच आठवडा होता. असा एक थ्रो पाहिला की प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षक तिसऱ्या बेसपाशी दोन्ही हात वर करून आपल्या खेळाडूला थांबवू लागतो. थ्रो होतच नाही, आणि बाद करण्याच्या जुन्या आकडेवारीत त्याची नोंदही उरत नाही. उलट कमकुवत हातावर सगळे धावतात, म्हणून त्याच्या नावावर बाद करण्याच्या संधी जास्त जमतात. आता स्टॅटकास्ट प्रत्येक धावपटू कुठे होता, किती वेगवान होता आणि चेंडू कुठे पडला हे धरून त्याने पुढचा बेस घ्यायला हवा होता की नाही हे ठरवतं, आणि जे थांबले त्यांचं श्रेय आउटफिल्डरच्या खात्यात टाकतं.